तागातली झुंबड म्हणजे स्थलांतर का?

संगमनेरजवळच्या एका शेतकरीदादांचा प्रश्न आहे. अर्धा एकर ताग आहे, बियाण्यासाठी राखलेला. गणपती उठल्यापासून त्यावर फुलपाखरांची झुंबड उडाली आहे. काळ्या पंखांवर निळसर ठिपके असलेली, चॉकलेटी आणि केशरी, 'हजारांनी' आहेत. गेल्या साली त्याच रानात ताग होता, तेव्हा मात्र एक फुलपाखरू फिरकलं नाही. पुतण्या म्हणतो, हे अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांसारखं स्थलांतर आहे, दोन दिवसांत सगळी निघून जातील. हे खरं का? शाळेतली पोरं बघायला आणायची तर कधी? आणि शेंगांत अळ्या दिसू लागल्यात, त्या यांच्याच का? फवारणी घ्यावी का?

दादा, प्रश्न तीन-चार दिसत असले तरी गाठ एकच आहे: ही फुलपाखरं तुमच्या रानात कशासाठी आली? ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. माझा अंदाज आधीच सांगून टाकते. तुमच्या तागात जे चाललंय ती औषधाच्या दुकानापुढची रांग आहे. त्या रांगेत काही लांबचे प्रवासी असतीलही, पण रांग लागली म्हणजे गावोगावची माणसं यात्रेला निघालीत असं होत नाही. घोळका आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या एकाच जागी भेटतात, म्हणून घोटाळा होतो.

आधी तागच का ते बघू. ताग, रानातला पिवळ्या फुलांचा खुळखुळा, ओढ्याकाठची भुरुंडी, पडीक जागेतली ओसाडी या झाडांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची कडू, विषारी द्रव्यं असतात. झाडाने ती किड्यांना आणि गुरांना दूर ठेवायला बनवलेली. पण निळसर ठिपक्यांचा ब्लू टायगर, केशरी स्ट्राइप्ड टायगर आणि प्लेन टायगर, चॉकलेटी कॉमन क्रो या एकाच कुळातल्या फुलपाखरांना नेमकी तीच हवी असतात. ती पोटभरीसाठी नव्हेत. नर ती शोषून घेतो आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतो. पोटाच्या टोकाशी त्याच्याकडे केसांचे दोन ब्रश असतात, एरवी आत ओढून घेतलेले. मादीसमोर आला की ते फुलवून तो हा गंध पसरतो. उरलेलं द्रव्य समागमाच्या वेळी मादीला मिळतं, तिच्याकडून अंड्यांत जातं आणि अंडी खाणाऱ्यांना कडू लागतात. म्हणजे तुमच्या तागातून ते लग्नाचं अत्तर आणि लेकरांचं संरक्षण दोन्ही घेऊन जातात.

हे एकदा डोळ्यांनी बघा, विश्वास बसेल. पिवळ्याधमक फुलांकडे लक्ष देऊ नका. मोडलेली, मुरगळलेली, सुकत चाललेली फांदी शोधा. बैल आत शिरला होता तिथली, वाऱ्याने लवलेली, कुणाच्या पायाखाली आलेली. एकाच वाळक्या काडीवर आठ-दहा ब्लू टायगर दाटीवाटीने लटकलेले दिसतील, फुलं शेजारी मोकळी. त्यातला एक धरून बघत राहा, म्हणजे नजरेने. तो सोंड पूर्ण उलगडतो, तिच्या टोकातून बारीकसा थेंब सोडतो, तो वाळक्या सालीवर पसरतो आणि विरघळलेलं परत ओढून घेतो. मध्येच पायांच्या नख्यांनी साल खरवडतो. नीट बघितलंत तर त्याला चारच पाय दिसतील. पुढची जोडी आखूड होऊन छातीशी मुडपलेली असते. पाच पाच मिनिटं तो जागचा हलत नाही, बोट जवळ नेलं तरी नाही. एरवी चार हातांवरून उडून जाणारं फुलपाखरू इथे दारू प्यायल्यासारखं बसलेलं असतं. या कुळाची हाव कुठवर जाते ते सांगते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०१९ च्या डिसेंबरात अशी फुलपाखरं जिवंत सुरवंटांना नख्यांनी ओरबाडून त्यांच्या अंगातला रस पिताना दिसली, आणि २०२१ मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं.

आता गेल्या सालचं कोडं. गेल्या साली तुम्ही ताग कशासाठी पेरला होता? मला वाटतं, हिरवळीच्या खतासाठी. तसं असेल तर दीड महिन्याचा, फुलावर येता येता तो नांगराखाली गेला. मोडलेल्या काड्या नाहीत, वाळकी पानं नाहीत, शेंगा नाहीत. फुलपाखरांच्या दृष्टीने दुकान उघडायच्या आतच बंद झालं. या साली बियाण्यासाठी राखलात, शेंगा धरल्या, खालची पानं करपली, दोन वादळी सरींत काही झाडं आडवी झाली. गावातली फुलपाखरं तेवढीच असतील, पण चार-पाच किलोमीटरच्या परिसरात विखुरलेली ती आता अर्ध्या एकरात गोळा झाली. 'या वर्षी फुलपाखरं फार' असं जे लोक म्हणतात, त्यात बऱ्याचदा फुलपाखरं वाढलेली नसतात, जागा बदललेली असते. हिरवळीचं खत गेल्या सालीही नव्हतं, तर मात्र मला कळवा. मग मी म्हणते ते कारण पुरेसं नाही, पावसाचा आणि आसपासच्या रानाचा हिशेब काढावा लागेल.

माझा अंदाज तुम्ही घरबसल्या तपासू शकता, कारण औषधाच्या रांगेत बहुतेक नरच असतात. प्लेन टायगर सगळ्यांत सोपा. केशरी, पंखांच्या टोकाला काळं आणि त्यात पांढरा पट्टा. त्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध मादीला तीन काळे ठिपके असतात आणि नराला चार, त्यातला चौथा जरा मोठा, आत पांढुरका. ब्लू टायगरच्या नराला मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला कानाच्या पाळीसारखी फुगीर पिशवी असते, पंख मिटून बसला की दिसते. मोबाइलने वीस-तीस फोटो काढा, रात्री जेवण झाल्यावर मोठे करून बघा आणि मोजा. वीसातले सोळा-सतरा नर निघाले तर ती अल्कलॉइडची रांग आहे. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघाले आणि मुख्य म्हणजे काड्यांऐवजी फुलांवर बसलेले निघाले, तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुतण्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायचं. प्लेन टायगर मोजताना एक फसवणूक होते. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या वेगळ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ती विषारी नसते, सोंग घेऊन वाचते. तिच्या मागच्या पंखाच्या मधोमध ते तीन-चार ठिपके नसतात, एखादाच डाग असतो.

मोनार्कची तुलना पुतण्याने केली ती वाईट नाही. प्लेन आणि स्ट्राइप्ड टायगर मोनार्कचे सख्खे चुलतभाऊ आहेत, एकाच वंशात (जीनसमध्ये) मोडणारे. पण तिकडच्या रानांतल्या मोनार्कच्या गर्दीचं कारण निराळं. कॅनडाच्या दक्षिणेतून आणि अमेरिकेच्या उत्तरेतून मोनार्क ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि मध्य मेक्सिकोतल्या ओयामेल फरच्या डोंगरी जंगलांत हिवाळा काढतात. लांबचा पल्ला चार हजार किलोमीटरच्या पुढे जातो. ती जंगलं शास्त्रज्ञांना कळली १९७५ च्या जानेवारीत, तोवर एवढी फुलपाखरं जातात कुठे हे कोडंच होतं. उन्हाळा सरताना गोल्डनरॉडच्या पिवळ्या रानांत मोनार्कची जी दाटी होते ती मधासाठी. नर-मादी दोघंही, वाटेतल्या पेट्रोल पंपावर टाकी भरून घेतल्यासारखी. आपल्या तागातली गर्दी टाकी भरत नाही. अमेरिकेत राहणारे आपले लोक या दिवसांत तिथल्या शेताचे फोटो पाठवतात, आपण इथले पाठवतो, फोटो एकसारखे दिसतात आणि आत घडत असतं वेगळंच.

मग आपल्याकडे स्थलांतर नाही का? आहे की, आणि जोरात आहे. त्याचा सगळ्यांत चांगला अभ्यास दक्षिणेत झाला. पाऊस लागायच्या तोंडावर, एप्रिल ते जून, ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो, डबल ब्रँडेड क्रो यांचे लोंढे पश्चिम घाटातून पूर्वेकडच्या मैदानांकडे आणि पूर्व घाटाकडे जातात, आणि पावसाळा ओसरताना उलटे फिरतात. घाटातला मुसळधार पाऊस टाळायचा आणि नंतर परतायचं, असा त्यामागचा हिशेब. मूळचे पुण्याचे फुलपाखरू-अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवाहांची मोजदाद केली आहे. वैशाली भौमिक आणि कुंटे यांचा २०१८ चा अभ्यास मला रानात फार उपयोगी पडतो. त्यांना असं दिसलं की प्रवासाला निघालेल्या माद्या अंडी घालण्याचं काम लांबणीवर टाकतात आणि ताकद उडण्याकडे वळवतात. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा वापर करायचा आहे.

मी स्वतः याच ठिकाणी तोंडघशी पडले होते, म्हणून इतकं बारीक सांगते. सासवडच्या पुढे एका पाझर तलावाच्या काठी भुरुंडीचं रान आहे. नोंदी ठेवायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे चारशेच्या आसपास ब्लू टायगर दिसले. वहीत मी लाल शाईने 'स्थलांतर!' लिहिलं, उद्गारचिन्हासकट, आणि दोन ओळखीच्यांना फोनही करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेले, तेवढेच. तिसऱ्या दिवशीही तेवढेच. तेव्हा कुठे मला सुचलं की आपण फक्त बसलेली फुलपाखरं मोजतोय, येणारी-जाणारी नाही. चौथ्या दिवशी काठावर दगडावर बसून नुसतं बघितलं. पूर्वेकडून येत होते, दक्षिणेकडून येत होते, तलाव ओलांडून येत होते, अर्धा तास थांबून ज्या वाटेने आले तिकडेच परत जात होते. त्यांत डाव्या मागच्या पंखाचा मोठा तुकडा गेलेला एक नर होता. तो चारही दिवस मला त्याच दोन काड्यांपाशी दिसला. प्रवासी कुठला, गावकरीच तो! लाल शाईवर पट्टी मारली. ती वही अजून आहे.

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली, आणि तुम्हाला तेवढीच पुरे. तागाच्या आत जाऊ नका. शेताच्या बाहेर, साधारण शंभर पावलांवर, जिथे फुलपाखरांना आवडावं असं काहीच नाही अशी मोकळी जागा निवडा, पडीक किंवा काढणी झालेलं बाजरीचं रान. वीस पावलांच्या अंतराने दोन काठ्या रोवा. त्या दोन काठ्यांमधून डोक्याच्या उंचीपासून दहा-बारा फुटांपर्यंत जे फुलपाखरू ओलांडून जाईल त्याची दिशा लिहायची, पंधरा मिनिटं. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल. एक रकाना अकोले तालुक्याकडे, म्हणजे पश्चिमेला डोंगराच्या बाजूला जाणाऱ्यांचा, एक उलट जाणाऱ्यांचा, एक घुटमळणाऱ्यांचा. मग शेताच्या विरुद्ध अंगाला जाऊन तेच करा. स्थलांतर असेल तर दोन्हीकडे एकच दिशा निघेल. फुलपाखरू सरळ रेषेत जाईल, झाड आडवं आलं तर वळसा न घालता वरून जाईल आणि पुन्हा त्याच रेषेवर येईल. तागाकडे ढुंकून न बघता निघून जाणारीही असतील. घोळका असेल तर दोन्हीकडून तागाकडे येणारी जास्त, दुपारनंतर तागापासून निघणारी जास्त. एका दिवसात निकाल लावू नका, वारा फसवतो. सप्टेंबर सरताना नैऋत्येकडून येणारा वारा मोडून ईशान्येकडून यायला लागतो, आणि जोराचा वारा असला की सगळंच एका बाजूला वाहवत जातं. म्हणून वारा पडलेली सकाळ धरा आणि निदान तीन दिवस करा.

आता ते माद्यांचं. तुमच्या बांधावर रुई असणारच. तिच्या कोवळ्या पानांच्या खालची बाजू उलटून बघा. साबुदाण्याहून बरीच लहान, पांढुरकी, उभट, एकेकटी चिकटवलेली अंडी दिसली तर प्लेन टायगरच्या माद्या इथेच संसार थाटून आहेत. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेला सुरवंट दिसला तर तो तिचाच. ब्लू टायगरच्या सुरवंटाला शिंगांच्या दोनच जोड्या, आणि तो चिकाच्या वेलींवर मिळतो, रुईवर नाही. तागाच्या आसपास जोड्या जुळलेल्या दिसत असतील, माद्या अंडी घालत फिरत असतील, तर तुमची झुंबड बहुतांशी स्थानिक आहे असं मी बेधडक म्हणेन. पंख फाटके, रंग उडालेला म्हणजे लांबून आलेलं, ही समजूत मात्र सोडून द्या. काटेरी बाभळीत आठ दिवस काढले तरी पंखांची तीच गत होते.

'हजारांनी' या शब्दाबद्दलही थोडं बोलते, रागावू नका. फुलपाखरं दचकून एकदम उठली की डोळा हमखास दुप्पट-तिप्पट मोजतो. माझाही मोजायचा. आता मी उठलेली मोजतच नाही. सकाळी लवकर, ती बसलेली असताना, तागाच्या कडेने पाच पावलांचा तुकडा धरायचा, त्यातली काडीन् काडी बघून आकडा लिहायचा. असे दहा तुकडे वेगवेगळ्या जागी, गर्दीचे आणि रिकामेही. गर्दीचेच धरलेत तर आकडा पुन्हा फुगणार. सरासरी काढा आणि सगळ्या कडेला असे किती तुकडे बसतात त्या आकड्याने गुणा. मधल्या भागात सहसा कमी असतात, कारण दाट हिरव्या तागात वाळकं कमी. एका शाळेच्या रानात मला सांगितलं होतं पाच हजार, मोजली तर सहाशे चाळीस भरली. सहाशे चाळीस म्हणजे काही थोडी नव्हेत, पण पुढच्या वर्षी कुणाला त्याच जागी तुलना करायची असेल तर खरा आकडाच कामाला येतो. तुमच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसकट टाका, तारीख आणि जागा आपोआप लागते.

इथवरचं एका दमात: वाळक्या काड्यांवर नर जास्त असतील, चारी दिशांनी ये-जा असेल आणि बांधाच्या रुईवर अंडी असतील, तर हा मुक्काम आहे. फुलांवर नर-मादी सारखे असतील आणि मोकळ्या रानात एकाच दिशेचा ओघ तीन दिवस टिकत असेल, तर प्रवास. दोन्हीची सरमिसळही होते, विशेषतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

पोरांना कधी आणायचं ते यावरून ठरवा. मुक्काम असेल तर घाई नाही. हस्ताच्या सरी येऊन जाऊन असतात, त्या धरून दसऱ्यापर्यंत गर्दी टिकावी, फक्त ताग उभा पाहिजे आणि वाळकं मिळत राहिलं पाहिजे. वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. त्याआधी अंग गार असतं, पंख पसरून उन्हं खात बसलेली असतात, तेही बघण्यासारखं आहे. दुपारच्या उन्हात सावलीला जातात, तेव्हा आलेली पोरं हिरमुसून परततात. आभाळ दाटून आलं की दहा मिनिटांत सगळी गडप होतात, म्हणून आदल्या रात्री पावसाचा रंग बघून निरोप द्या. जमलं तर चार मोठ्या मुलांना संध्याकाळी साडेपाचला आणा. बांधावरच्या एखाद्या वाळक्या, काटेरी झुडपात ती एकामागून एक येऊन लटकतात, पंख मिटून, वाळक्या पानांसारखी. आधी दिसतच नाहीत. मग एक दिसतं आणि पाठोपाठ सगळं झुडूप फुलपाखरांचं होतं.

एका वेळी दहा-बारा मुलं, त्याहून जास्त नको. कडेने एका रांगेत चालवा, सूर्य पाठीशी नको, सावली फुलपाखरांवर पडते आणि ती उडतात. ताग हलवून 'उडवून दाखवायचा' मोह शिक्षकांना मुलांपेक्षा जास्त होतो, त्यांना आधीच सांगून ठेवा. बूट घालून या म्हणावं, या दिवसांत दाट तागाच्या बुडाशी घोणस असू शकते. जाळीने पकडणं नको, पंखांवर पेनाने खुणा करणंही नको. मोनार्कला पंखावर टिकली चिकटवतात हे मुलांनी व्हिडिओत बघितलेलं असतं, पण तिथे त्या टिकल्या, त्यांचा गोंद, त्यांचे क्रमांक आणि ते परत शोधणारी हजारो माणसं अशी यंत्रणा आहे. वाळलेल्या शेंगा कानाशी खुळखुळवून बघू द्या, त्यावरूनच खुळखुळा हे नाव पडलं. बिया तोंडात घालू देऊ नका, त्या विषारी आहेत. गुरांनाही घालू नका.

राहिल्या अळ्या. त्या तुमच्या झुंबडीच्या नाहीत. टायगर आणि क्रो यांचे सुरवंट चिकाच्या झाडांवर वाढतात. कॉमन क्रोचे कण्हेरीवर, वडा-उंबरावरही. तागाच्या पानालाही ते तोंड लावत नाहीत. शेंगेत तुम्हाला दिसलेल्या अळ्या बहुधा दोघांपैकी एकाच्या असतील. केसाळ, काळी-पांढरी, अंगावर लालसर-नारिंगी खुणा असलेली अळी एका छोट्या पतंगाची आहे. तो पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा, दिवसाच तागात भुरभुरत असतो, तुम्ही त्यालाही फुलपाखरू समजून मोजलं असेल. दुसरी हिरवट, चपटी, गोगलगायीसारखी सरकणारी अळी पी ब्लू नावाच्या लहानशा जांभळट-निळ्या, शेपटीवाल्या फुलपाखराची. तिच्याभोवती मुंग्या फिरताना दिसतील. ती तुमच्या तुरीच्या आणि वालाच्या शेंगांतही असते, नवी नाही.

फवारणीचं उत्तर मी एका वाक्यात देऊ शकत नाही, कारण बियाणं तुमचं आहे आणि पैसेही तुमचे. पण निर्णय घेण्याआधी वेगवेगळ्या जागची वीस झाडं धरून प्रत्येकाच्या दहा शेंगा फोडून बघा. किती पोखरल्यात ते कळेल, लांबून बघून नुकसान नेहमी मोठं वाटतं. शेंगा पिवळ्या पडून टणक होत आल्या असतील तर पुढचं नुकसान फारसं वाढत नाही, मग फवारणी कशाला? अजून फुलं भरात असतील तर दुसरा हिशेब आहे. तागाच्या फुलात बी धरायला मोठी माशी लागते, काळा भुंगा किंवा पानं कापणारी माशी, कारण तिच्या वजनाने फूल उघडतं. टायगर-क्रो फुलपाखरांचा परागीकरणाला उपयोग नाहीसाच. फुलावर असताना कीटकनाशक मारलंत तर भुंगे जातात आणि अळीने खाल्लं असतं त्याहून जास्त बी न धरल्याने हातचं जाऊ शकतं. संध्याकाळी मारलं म्हणून फुलपाखरं वाचत नाहीत. सकाळी येऊन ती तीच साल सोंडेने ओली करून चाटणार आहेत, म्हणजे जे काही सालीवर आहे ते पोटात. केसाळ अळ्या कमी असतील तर हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं अर्ध्या एकराला दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. फारच असतील तर कृषी सहायकांना प्रत्यक्ष शेंगा दाखवून मगच काय ते घ्या, आणि बांधालगतचे दोन तास, म्हणजे तागाच्या दोन ओळी, न फवारता सोडा.

ते दोन तास काढणीलाही तसेच राहू द्या. बी झोडपून झालं की उरलेल्या काटक्यांची मूठ मूठभर जुडी बांधून बांधावरच्या बाभळीला उंचावर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशी उलटी टांगा. भुरुंडी मिळाली तर तिचीही एक. अधूनमधून पाणी शिंपडलं की वाळक्या जुडीवरही नर येतात. मी गच्चीवर अशी जुडी टांगते, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवसांपर्यंत रोज दोन-चार ब्लू टायगर तिला लटकलेले असतात. दोन काठ्यांची नोंद तीन दिवसांनी पाठवा, तिन्ही रकान्यांसकट. पुतण्यालाच बसवा मोजायला.